तपकिरी पँटची कंबर

२ फेब्रुवारी

काडे,

तुझा तक्ता पोचला. काय खायचं, काय नाही, किती वाजता. बाबांनी तो फ्रिजवर चिकटवलाय, आणि खाली तू जे लिहिलंस तेही सगळ्यांना दिसेल असं. परवा गॅसवाला आला, त्यानंही वाचलं : ‘वजन नव्वदच्या आत येईपर्यंत मी घरात पाऊल ठेवणार नाही. आईचं झालं तसं पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही.’ वाचून त्यानं आधी बाबांच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्या, आणि सिलिंडर ठेवून गुपचूप निघून गेला.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण दोघी दोन वाक्यांत हमरीतुमरीवर येतो, म्हणून हा कागद. भांडायला लिहीत नाहीये. आई जिन्यात कोसळली आणि गेली, आणि माणसं भेटायला आलेली असताना तू सगळ्यांसमोर म्हणालीस की ताईनं आणि बाबांनी तिला खायला घालून घालून मारलं. त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हा मला वाटलं होतं, हिचं तोंड जन्मात बघणार नाही. आता तेवढा राग धरून ठेवायलाही अंगात जोर नाही गं. दिवसभर मशीनवर बसून पाठीचा पार पिट्ट्या पडतो, संध्याकाळी स्वयंपाक, आणि तुझ्या कृपेनं आता दोन वेगवेगळे स्वयंपाक.

बाबांनी साखर सोडली. खरंच सोडली. चहाचा घोट घेतला की असं तोंड करतात जसं काही मी त्यांना काढा पाजलाय, पण कप संपवतात. वजनकाट्यावर मात्र उभे राहायला तयार नाहीत. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं दुकानाबाहेर बोलणारा काटा ठेवलाय. बाबा भाबडेपणानं चढले त्यावर. काट्यातली बाई गोड आवाजात आकडा म्हणाली, आणि वर म्हणाली, ‘आपले वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे.’ सगळ्या फुटपाथला ऐकू जाईल असं. रांगेत त्यांच्या बसमधली दोन पोरं उभी होती, आता कॉलेजात जाणारी. ‘फुगाकाका!’ म्हणून ओरडली. शाळेची बस चालवत होते तोवर ते नाव त्यांनी हसत घेतलं होतं, त्या दिवशीही हसले. घरी आल्यावर म्हणाले, ‘त्या बयेच्या तोंडी मी पुन्हा लागणार नाही.’

म्हणून मग तपकिरी पँट. निवृत्तीच्या समारंभाला शिवलेली ती. श्वास आत ओढला की बटण लागतं. दर रविवारी घालून बघायची, कंबर सैल झाली की समजायचं वजन उतरलं, असं त्यांनी ठरवलंय. मला पटलं. माझ्या दुकानात तरी आकडा कोण कुणाला सांगतं? टेप लावायची, आकडा आपल्यापाशी ठेवायचा आणि म्हणायचं, ‘जरा ढील देते हं, बसल्यावर बरं वाटेल.’ जवळ दुसरी शिंपीण असताना बायका दोन रस्ते ओलांडून माझ्याकडे येतात त्या एवढ्यासाठी. तू आहारतज्ज्ञ, तुझ्याकडे आकडा ऐकायला येतात. आपापला धंदा.

मी किती भरते ते विचारू नकोस.

तुझी ढब्बूताई

२४ मार्च

काडे,

दोन ओळींचं का होईना, उत्तर आलं. ‘चालणं वाढवा, पाणी भरपूर प्या.’ बाबांनी तेही फ्रिजवर लावलंय. अक्षर बघून म्हणाले, ‘घाईत लिहिलंय, कामात असेल बिचारी.’ तुझं काहीही त्यांना गोडच लागतं. मी जन्मभर ताट वाढून दिलं, माझ्या वाट्याला ‘मीठ कमी आहे’. असो.

रोज बागेला दोन फेऱ्या मारतात. दुपारी उकडलेली भाजी आणि ते कोरडं टोस्ट. रविवारी तपकिरी पँट चढवतात, बटण लावतात आणि मला हाक मारतात, ‘बघ गं, लागलं की नाही?’ मी म्हणते, ‘लागलं की!’

आता एक सांगते, ते त्यांना कळू देऊ नकोस. बटण लागत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी दारातून पाहिलं. आरशासमोर उभे होते. पँटची दोन टोकं धरून ओढत होते आणि मध्ये चार बोटांचं अंतर. महिनाभर बिनसाखरेचा चहा पिऊन! पुन्हा ओढली. मग हात सोडून दिले आणि नुसते आरशात बघत राहिले. ते तोंड मला बघवेना, काडे. ते आंघोळीला गेले तेवढ्यात मी पँट उचलली. मागच्या शिवणीत शिंपी जास्तीचं कापड राखतो, त्याला आम्ही माया म्हणतो. ती सोडली, पुन्हा टीप मारली, इस्त्री फिरवली. बाहेर आले, घातली, बटण लागलं. ‘मगाशी नीट ओढली नव्हती बहुतेक,’ म्हणाले. आणि असे खूश! लगेच बागेत आणखी एक फेरी.

तू म्हणशील, ताईनं परत लाड सुरू केले. म्हण. पण हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी चालायला जात नाही, आणि हे जातात. मला तेवढं पुरे.

मला वाटतं ते चोरून खातात. मी खिसे बघितले, कचऱ्याचा डबा बघितला, गादीखालीही बघितलं, लाज वाटते सांगायला. चॉकलेटचा एक कागद नाही. एवढे हुशार चोर असतील असं वाटलं नव्हतं.

ताई

११ मे

काडे,

तुझं पत्र वाचलं. ‘सगळे चोरून खातात आणि सगळे नाही म्हणतात, रोज बघते मी. लक्ष ठेव.’ ठेवलं लक्ष. काय झालं ते ऐक.

मंगळवारी धागे आणायला बाहेर पडले तर बाबा बेकरीच्या दाराशी. एक हात खांबावर, डोळे मिटलेले. माझं डोकंच फिरलं. तुझं पत्र, दोन-दोन स्वयंपाक, ती पँट, सगळं एकदम तोंडावाटे बाहेर आलं. भर रस्त्यात मी त्यांना झाडलं, शाळेत पोराला झाडतात तसं. ‘लाज नाही वाटत? ती तिकडे तुमच्यासाठी तक्ते करतेय आणि तुम्ही इथे?’ बेकरीवाला बाहेर येऊन म्हणाला, ‘अहो, त्यांनी काही घेतलं नाही. दम लागला म्हणून उभे राहिलेत.’ बाबा म्हणाले, ‘जाऊ दे हो. वास घेत होतो मी. त्याला बंदी नाही ना तक्त्यात?’ आणि हसले.

मला अजून नीट कळत नाही की मी चिडले ते त्यांच्यावर की स्वतःवर.

पँट आणखी दोनदा सोडली. माया संपली. आता पायाची दुमड उसवून त्यातलं कापड काढलं आणि मागे पट्टी घातली. कमरपट्टीच्या खाली जाईल अशी बसवली, कुणाला दिसायची नाही. आयुष्यात इतकं सफाईचं काम मी दुसऱ्या कुणाला करून दिलं नसेल.

गंमत म्हणजे चेहरा उतरलाय त्यांचा. गालफडं बसलीत. शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं सहज जातात, बाह्या ढगळ झाल्यात. शेजारणी म्हणतात, ‘छान बारीक झालेत की बाबा तुमचे! काय देता हो खायला?’ मीही म्हटलं, चला, वरून सुरुवात झाली, हळूहळू खाली येईल. सगळ्यांचं एका जागेवरून उतरत नाही, असं तूच कधीतरी म्हणाली होतीस ना? मोज्याचा वळ मात्र पायावर संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. मी सैल इलॅस्टिकचे मोजे आणले.

दम लागतो म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खुर्चीतूनच बाबांकडे बघितलं. ‘काका, मी काय सांगणार आहे ते तुम्हाला माहितीय.’ बाबा म्हणाले, ‘वजन.’ डॉक्टर म्हणाले, ‘बघा! मग माझ्याकडे कशाला येता?’ दोघंही हसले. मीही हसले. मागे कान ठणकत होता म्हणून गेलो होतो, तेव्हाही हेच झालं होतं, तुला आठवत असेल. घरी आल्यावर बाबा म्हणाले, ‘आता वजन उतरल्याशिवाय मी त्या पायऱ्या चढणार नाही. फुकट बोलून कोण घेणार?’

मी थकलेय गं. तुझा तक्ता, डॉक्टर, शेजारणी, काट्यातली ती बाई, सगळ्यांना आमच्याच घरातलं मांस मोजायचंय. तू एकदा ये. वजन राहू दे बाजूला. घरात नको, बागेत ये, बाकावर बसून दोन शब्द बोल त्यांच्याशी.

ताई

१९ जून

काडे,

हे पत्र तू बसून वाच.

शुक्रवारी सकाळी बाबांना बुटाचे बंद बांधता येईनात. वाकले की श्वास कोंडायचा. ‘नाही, नाही’ म्हणत होते तरी मी रिक्षात घातलं आणि नेलं. नेहमीचे डॉक्टर रजेवर. त्यांच्या जागी एक बाई होत्या, चष्म्याच्या, फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी बाबांना टेबलावर झोपायला सांगितलं. बाबा गडबडले. ‘झोपायचं? इथे?’ इतक्या वर्षांत त्यांना कुणी तिथे झोपवलंच नव्हतं.

बाईंनी पोटावर हात ठेवला. एका बाजूला टिचकी मारायच्या आणि दुसऱ्या बाजूला तळहात. मग कुशीवर वळवलं, पुन्हा तसंच. पायाच्या नळीवर अंगठा दाबला, तर तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी विचारलं, ‘पोट कधीपासून वाढतंय?’

‘वाढत नाहीये,’ बाबा म्हणाले. अगदी ताठ मानेनं. ‘गेले चार-साडेचार महिने तीच पँट बसतेय मला. साखर बंद, तळण बंद, रोज चालतो. चेहरा बघा ना, किती उतरलाय.’

बाई एकदा पोटाकडे बघतात, एकदा पँटकडे. ‘नक्की तीच पँट?’

‘तीच! हिला विचारा. ही शिवणकाम करते. सांग गं.’

खोटं बोलायची सोय नव्हती. बाईंना खरं हवं होतं आणि ते माझ्याशिवाय कुणाकडे नव्हतं. मी म्हटलं, ‘मी उसवत गेले, डॉक्टर. थोडी थोडी. आणि मागे पट्टी घातली.’

‘एकूण किती?’

माझ्या तोंडून कधी कुणाच्या कमरेचा आकडा बाहेर पडला नव्हता. ‘सात इंच,’ मी म्हटलं.

बाबा टेबलावर उठून बसले. मागे हात घालून त्यांनी ती पट्टी चाचपली. मला वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, ‘म्हणजे दर रविवारी मी तुला हाक मारायचो, तेव्हा तुला माहीत असायचं?’

‘हो, बाबा.’

‘मी किती खूश व्हायचो गं.’

एवढंच. काडे, त्यांनी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बाईंनी सांगितलं की ते पोट चरबीचं नाही, पाणी साचलंय आत. बहुतेक लिव्हरमुळे, तपासण्या कराव्या लागतील, आजच ॲडमिट व्हा. मी विचारत होते कुठलं हॉस्पिटल, सोबत काय आणू. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मध्येच विचारलं, ‘म्हणजे हे खाऊन झालेलं नाही?’

‘पोट असं झालंय ते खाऊन नाही, काका. हे पाणी आहे.’

‘मी चोरून काही खाल्लं नव्हतं.’

‘मी कुठे म्हटलं?’

तेव्हा बाबांना रडू फुटलं. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. शर्टाच्या ढगळ बाहीला नाक पुसत म्हणाले, ‘डॉक्टर, एवढं कागदावर लिहून द्याल? माझ्या धाकट्या मुलीला दाखवायचंय.’

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली मान घातली. दोघींच्या वाटची मान मीच घातली असं समज.

ताई

३० जून

काडे,

फोनवर तू एकच प्रश्न विचारलास आणि मग नुसती नाक ओढत होतीस, आणि मागून वॉर्डातली नर्स ‘बाई, फोन ठेवा’ म्हणून ओरडत होती. म्हणून जे सांगायचं राहिलं ते लिहिते.

पाणी काढलं. नळी लावून बाटल्याच्या बाटल्या भरत होत्या. बाबा बघत होते आणि नर्सला म्हणाले, ‘हे सगळं मी बागेभोवती फिरवत होतो काय!’ ती बिचारी हसली. पाणी पुन्हा साचेल, पुन्हा काढावं लागेल. पण मोठे डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले की लिव्हर पार कडक झालंय, फार उशीर झालाय, त्याला आता इलाज असा नाही. काही महिने म्हणाले. मी विचारलं, किती? तर म्हणाले, ‘नेमकं सांगत नाही आम्ही.’ मी म्हटलं, बरोबर आहे, मीही सांगत नाही.

तू विचारायच्या आधीच सांगते. बाबांनी कधी दारू घेतली नाही हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीनंही असं होतं. म्हणजे तू चूक नव्हतीस. वजनानं घात होणार असं तू म्हणत होतीस, झाला. फक्त तो घात आधीच होऊन गेला होता, आणि आपण सगळे नंतर त्यांना उपाशी ठेवत बसलो. चार घास पोटभर खायला हवं होतं, म्हणाले डॉक्टर, हातापायाचं मांस झडलंय सगळं. तू उपाशी ठेवलंस आणि मी ते झाकलं. कुणाचं पारडं जड ते बघायची मला इच्छा नाही, तूही बघू नकोस. एकमेकींवर ढकलत बसलो तर त्यांच्याजवळ कोण बसणार?

मी त्यांची माफी मागितली. म्हणाले, ‘तू लबाडी केलीस, पण मला दर रविवारी बरं वाटायचं हेही खोटं नाही.’ मग म्हणाले, ‘पुन्हा मात्र मला फसवू नकोस.’ कबूल केलंय मी.

ते तुझ्यावर रागावलेत का, असं तू विचारलंस. नाही गं. तुझं नाव निघालं की उशी नीट करून बसतात.

ताई

१२ जुलै

काडे,

रविवारी येतेयस असा निरोप मिळाला. बाबांना घरी आणलंय. आता फ्रिजवर काही नाही, मी सगळं काढलं. त्यांनी मागितलं म्हणून काल बटाटे तळले. चार फोडी खाल्ल्या आणि ताट सरकवलं. भूकच नाही राहिली.

तू दारात घाबरशील म्हणून सांगून ठेवते. बारीक झालेत. फार. खांद्याची हाडं शर्टातून वर येतात, डोळ्यांत पिवळेपणा आहे. औषधवाला परवा बिल द्यायला आला आणि म्हणाला, ‘वा काका, वय कमी झालं तुमचं!’ मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण बाबांना आवडलं ते. खरंच आवडलं. दिवसभर दोनदा मला सांगितलं, ‘तो काय म्हणाला ऐकलंस ना?’ आपण त्यांना तेवढंच तर मागायला शिकवलं.

तू येणार म्हटल्यावर त्यांनी कपाटातून पँट काढायला लावली. पायजम्यात भेटणार नाही म्हणतात. पट्टी काढली, सगळी शिवण आत घेतली. या वेळी आरशासमोर उभं करून, त्यांच्या देखत टेप लावली. म्हणाले, ‘आकडा मोठ्यानं सांग.’ सांगितला. ‘लग्नात एवढीच होती माझी,’ म्हणाले. मी टाचण्या लावत होते म्हणून वर बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांच्यासमोर रडले असते, आणि ते त्यांना नको आहे.

पाणी परत साचायला लागलंय, काडे. ही पँट फार तर रविवारपर्यंतच बसेल, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मी म्हणतेय. म्हणून शनिवारची गाडी मिळाली तर ती धर.

आणि ऐक. तू दिसलीस की ते उभे राहणार. खुर्चीचा हात धरून सकाळ-संध्याकाळ त्याची सवय करतायत, मला बघू देत नाहीत पण धाप ऐकू येते. धावत येऊन त्यांना धरू नकोस. ‘बसा, बसा’ म्हणू नकोस. त्यांना पूर्ण उभं राहू दे, तेवढा वेळ दारातच थांब आणि त्यांच्याकडे बघ.

मग आत ये.

ताई